रविवारचा ॲम्बुश

—नाही हो मॅडम, पूर्ण नाही ऐकलं. खोटं कशाला सांगू? "रविवारी फायनलला ॲम्बुश करायचा—" एवढं शनिवारी सकाळी समोरच्या सरांच्या घरातून कानावर आलं आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली. मसूर लावले होते. मसुराची शिट्टी मेली लांबच लांब, संपतच नाही — पुढचं सगळं वाफेत गेलं. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे बसा, दाराशी. मी रोज इथेच बसते, लसूण सोलायला. इथून गोरक्ष सरांचं दार दिसतं, आणि उघडं असलं की हॉलसुद्धा दिसतो. मी बघत नाही, पण दिसतं — त्याला मी काय करू? कॉलेजानं चौकशीला पाठवलंय म्हणता, तर नीट लिहून घ्या. लंकाबाई माझं नाव, सोसायटीत लंकाकाकू म्हणतात. शिक्षण सातवी. आठवीत बसले होते पण ते धरू नका.

ते दार बघा. कडीजवळ फळी आत गेलीय ना? आणि खाली तो बुटाचा ठसा. मी पुसला नाही मुद्दाम. सोमवारी सकाळी चौघे आले, सर तर तेव्हा दवाखान्यात, घरात कुणी नाही — तरी लाथा घातल्या. आत शिरले आणि काय फोडलं सांगा बरं? टीव्ही नाही, गॅस नाही. पेपर! सरांची पेपरची चळत असते — पहिल्यांदा मला वाटलं हा माणूस रद्दीचा धंदा करतो की काय — ते सगळे पेपर जिन्यात आणून, कात्रणांच्या वह्यांसकट, फाडले. मी म्हटलं, अरे बाबांनो, काय शोधताय? तर एक जण माझ्याकडे वळला आणि एक बोट वर करून म्हणाला, "मावशी, लसूण सोला." बस एवढंच. पण त्या दिवशी माझा लसूण तसाच राहिला मॅडम.

शिकवायचे काय? तुम्हाला नाही माहीत? तुमच्याच कॉलेजात ना ते — तासावर, परमनंट नाही. खेळाचं आणि सिनेमा-नाटकाचं मार्केटिंग. विषय नवीन, पोरं सात. पुस्तक नाहीच. शनिवारी पोरं घरी यायची, सर आजचा पेपर उघडायचे आणि विचारायचे, "बोला, आज कोण काय विकतंय?" म्हणजे बघा, बातमी असायची की अमुक खेळाडूच्या गुडघ्याला लागलं. तर सर म्हणणार, गुडघा त्याचा, पण रडतोय कोण? बूटवाला, बनियनवाला, टायरवाला, ज्याच्या ज्याच्या जाहिरातीत तो आहे तो. गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं पाच मिनिटांत संपली अशी बातमी आली की विचारायचे, संपली की संपवली? मला तर इतका नाद लागला की मी शनिवारी लसूण पुरवून पुरवून सोलायचे. आमचे हे म्हणायचे, तू आता डिग्री घेऊनच उठ. आणि सर एक गोष्ट नेहमी सांगायचे — बातमी नंतर वाचा, आधी स्पॉन्सर कोण ते बघा. त्यांना शेवेची भाजी आवडायची, मी वाटी द्यायचे, ते वाटी रिकामी नाही परत करायचे, काहीतरी घालून द्यायचे, निदान दोन पेरू तरी. असा माणूस. आता त्याचा जबडा तारेनं बांधलाय. नळीनं पितो. बोलता येत नाही, आणि पोरांच्या आईबापांनी पोरांना आत कोंडलंय. म्हणजे आता सांगायला राहिलं कोण? मी. बघा म्हणजे.

हो हो, ॲम्बुशचं सांगते. शब्द मला अडला. मी काय केलं, जेवताना ह्यांना विचारलं. हे देवळालीला लष्कराच्या मेसमध्ये तीस वर्षं आचारी होते, इंग्रजी सगळं तिथलंच. म्हणाले, "ॲम्बुश म्हणजे दबा धरून बसायचं आणि शत्रू आला की झोडपून काढायचं. एकही परत जाता कामा नये." मी ताट तसंच बाजूला सारलं. कारण मी आदल्या बुधवारचं बघितलं होतं ना — भागीबाईचं.

भागीबाई म्हणजे मैदानाच्या फाटकाशी ताक विकते ती. पेठ तालुक्यातली आहे, बारा वर्षं झाली तिथे बसते, मातीचे दोन माठ, वर ओलं फडकं. आता ह्या वर्षी कबड्डीचे सामने घेतले सुनीलशेठनं. बाटलीच्या पाण्याचा कारखाना त्याचा, 'धबधबा' नाव — म्हणून सामन्यांचं नाव 'धबधबा चषक'. मैदानाच्या आसपास दुसरं काही प्यायला विकायचं नाही म्हणे. बुधवारी त्याची माणसं आली, हिला म्हणाली ऊठ. ती म्हणाली, "माझं ताक पाणी नाय रे दादा, माझं ताक हाय." तर एकानं माठ उचलला आणि तिच्याच पायावर आपटला. दुसरा माठ तिनं पोटाशी धरला, तर तो तिच्या पोटाशीच फोडला, बांबूनं. ताक आणि रक्त मिसळलं की गुलाबी रंग येतो, तुम्ही कधी बघितलाय का? मी बघितला. भाजी घेऊन येत होते मी. सरांची पोरंही तिथंच ताक प्यायला जायची. तर माझ्या डोक्यात आलं, झालं, पोरं आता सूड घेणार, आणि सर त्यांचे म्होरके.

मग पुढे — पुढे कुणीतरी शेठच्या घरी सांगितलं. कोण ते... अशा गोष्टी पसरतात हो. सोसायटी आहे, बायका आहेत, भजनी मंडळ आहे. शनिवारीच संध्याकाळपर्यंत शेठला कळलं की कॉलेजचा मास्तर नि त्याची टोळी फायनलला दबा धरून हल्ला करणार. ते तुम्ही लिहा — 'कुणीतरी'.

फायनलला मी होते ना! बायकांच्या स्टँडमध्ये. सर होते वरच्या पायरीवर, एकटेच, शेंगदाणे खात. हे पण लिहा, एकटेच, लांब. मी गेले ते नुसतं काय होतंय बघायला — आणि मनात असं की वेळ आली तर मध्ये पडेन. मध्ये पडेन! ऐका तर खरं. फाटकावर माणसं झेंडे वाटत होती, धबधब्याचे निळे. माझ्या लक्षात आलं, झेंडा एवढासा आणि काठी एवढी जाड? मनगटाएवढी! वीसेक पैलवान गडी निळे सदरे घालून पहिल्या रांगेच्या मागे बसलेले, झेंडे गुंडाळून मांडीवर आडवे. सामना बघतच नव्हते ते. मैदानाकडे पाठ केली तरी चाललं असतं त्यांना.

मध्यंतराची शिट्टी झाली. मोबाईलवर सामना दाखवणारा कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरायला लागला, आणि पहिल्या रांगेतले सात जण उठले. कॅमेऱ्याकडे पाठ केली. अंगातली जाकिटं काढली. हात खिशात घातले. झालं! बाकी काही नाही. पाठीवर प्रत्येकाच्या एकच अक्षर, काळ्या रंगानं — भा, गी, बा, ई, चं, ता, क. समोरच्या स्टँडमध्ये एक जण मोठ्यानं वाचायला लागला, मग दहा, मग सगळं मैदान, "भागीबाईचं ताक! भागीबाईचं ताक!" अहो मी पण ओरडले! मला तोवर कळलंच नव्हतं की हाच तो ॲम्बुश, त्यांच्या विषयातला. दुसऱ्याचा मांडव, त्यात आपली अक्षता! एक रुपया न भरता शेठच्या कॅमेऱ्यासमोर म्हातारीची जाहिरात. त्या सातांतल्या एका पोरीनं, वैष्णवीनं, नंतर मला सगळं सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर, हाताला प्लास्टर घालून. सरांचं पूर्ण वाक्य काय होतं माहितीये? "फायनलला ॲम्बुश करायचा म्हणजे हात खिशात ठेवायचे, तोंड बंद ठेवायचं आणि कुणाला बोटसुद्धा लावायचं नाही." आणि पोरांनी विचारलं, कंपनी चिडली तर? तर सर म्हणाले, फार तर वकिलाची नोटीस येते.

नोटीस! आपल्याकडे बांबू येतो.

पहिला 'ता'वर. रुद्र तो, आडदांड पोरगं, पण हात खिशात. काठीला झेंडा गुंडाळलेला होता ना, म्हणून आवाज दबका आला, ओली गोधडी बडवतात तसा. तो गुडघ्यावर बसला, तरी हात खिशात! सरांनी सांगितलं होतं ना. दुसरा बांबू मानेवर बसला तेव्हा तो तोंडावर पडला, हात तसेच, म्हणून नाक आधी जमिनीला लागलं. मग 'ई'. ती वैष्णवी. तिची वेणी एकानं मुठीभोवती दोनदा गुंडाळली, दोरी गुंडाळतात तशी, आणि तिला खुर्च्यांवरून ओढत नेली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या तडातड मोडत होत्या आणि त्यांत हाताचं हाड कुठलं मोडलं ते तिला नंतर कळलं. 'चं'चा चष्मा पडला, तो उचलायला वाकला तर हातावर बूट ठेवला आणि फिरवला, विडी विझवतात ना तसा. जे आता ओरडत होते तेच पळत होते, एकमेकांच्या अंगावरून. आणि माईकवरचा माणूस काय म्हणत होता — "प्रेक्षकांनी शांतता राखावी, थंडगार धबधबा प्यावा." आईशप्पथ. आणि शेवटचा 'क'. 'क'ला दोघांनी दंडाला धरलं आणि तिसऱ्यानं बर्फाच्या पेटीतून बाटली काढली, लिटरची, आतल्या पाण्याचा गोठून दगड झालेला. ती मागे नेली आणि तोंडावर आणली. अडकित्त्यात सुपारी फुटते ना? तसं. मी चाळीस हात लांब होते, तरी ऐकलं. सर खाली नाही बसले. उभेच राहिले, दोघांनी धरलं होतं म्हणून. मग दुसऱ्यांदा आणली. बाटली तशीच, लेबल पण नाही हो फाटलं. धबधबा. खाली पडले तेव्हा तोंडातून काहीतरी—

काय?

'क' म्हणजे सर, असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं 'क'ला धरलं... सर वरच्या पायरीवर. शेंगदाणे... हो, मग ते धावत खाली आले, पोरांना सोडवायला, आणि मग... नाही, ते लिहू नका. मॅडम, ते काय लिहिताय तुम्ही? मी सांगताना गडबडले. सगळ्यांच्या पाठी होत्या ना कॅमेऱ्याकडे, कोण कुठलं अक्षर कुणाला कळतंय?

...

सार्थक म्हणून पोरगा आहे, 'क' त्याचा होता. त्याला ऐन वेळी बापानं घरात अडकवला. मग अक्षर कमी पडलं. 'क' नसेल तर नुसतं 'भागीबाईचं ता' — त्याला काय अर्थ? पोरं म्हणाली, सर, राहू दे. सर म्हणाले, आण इकडे तो सदरा. बस. एवढंच त्यांचं चुकलं, चुकलं म्हणायचं तर. पोरांना पुढे करून स्वतः मागे बसणारा मास्तर नाही तो. आता तुम्ही म्हणाल की हजर होते, सामील होते, पोरांना घेऊन गेले, त्यांनीच ठरवलं. होते. ठरवलं. खरं आहे. ॲम्बुश होता. पण दबा नव्हता, हल्ला नव्हता, मारायचं नव्हतं कुणाला. शेठनं पोलिसांत दिलंय ना, मास्तरनं हल्ल्याचा कट केला म्हणून? आणि पुरावा काय, तर सोसायटीत सगळ्यांनी आधीच ऐकलं होतं. अहो सगळ्यांनी कुठलं ऐकलं! सगळ्यांनी माझ्याकडून ऐकलं.

हो. माझ्याकडून. 'कुणीतरी' खोडा तिथलं.

सावित्रीबाई — शेठची आई — आमच्या भजनी मंडळात टाळ वाजवते. शनिवारी दुपारी मी तिच्या कानाशी लागले. म्हटलं, सावित्रीबाई, तुमच्या सुनीलला सांभाळा हो, उद्या आमच्या शेजारचे सर नि पोरं दबा धरून बसणार आहेत, एकही परत जाणार नाही. हे ह्यांचं वाक्य, मेसमधलं, ते पण मी सरांच्या तोंडी घातलं. वाईट मनानं नाही सांगितलं. मला वाटलं ती मुलाला घरी ठेवेल, भांडण टळेल. आणि खोटं कशाला बोलू, मोठ्या घरची बाई आपलं ऐकून टाळ खाली ठेवते, डोळे मोठे करते — बरं वाटलं मला. थोडं बरं वाटलं. फायनलला ती माझ्या शेजारीच बसली होती. सर पडले, त्यांच्या तोंडातून रक्ताबरोबर दातांचे तुकडे आले, एक जण त्यांच्या बरगडीत लाथ घालत होता, एक, दोन, तीन, दम खाऊन पुन्हा — आणि सावित्रीबाईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "बरं झालं गं लंका, तू वेळेवर सांगितलंस."

मध्ये नाही पडले मी. हात तिच्या हातात होता. तो पण सोडवून घेतला नाही, मॅडम.

मी सांगितलं नसतं तर वीस गडी नसते. बांबू नसते. फार तर दोघा पहारेकऱ्यांनी पोरांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं असतं, पोरं हसत घरी गेली असती, आणि शनिवारी त्याच्यावरच तास झाला असता. दवाखान्यात गेले मी परवा. सरांना सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं. ते बोलू शकत नाहीत. हातानं खूण करून पाटी मागितली. मला वाटलं आता लिहितील, चालते व्हा. तर लिहिलं, 'भागीबाई कुठे आहे?' गावाला गेली म्हटलं, पायाला पट्टी बांधून. पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला घालवलंही नाही आणि बसही म्हटलं नाही. त्यापेक्षा माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

तर झालं लिहून? मला वाचून दाखवा बरं. चष्मा आत राहिलाय आणि तुमचं अक्षर बारीक आहे. ... 'सदर शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांसह घटनेत सामील होते, असे शेजारी महिलेने सांगितले.' बरोबर. सांगितलं मी. पुढे? ... पुढे वाचा ना. ... पुढे काही नाही? दोन माठ? बांबू? ती बाटली? हात खिशात होते ते? आणि माझं — मी टाळ वाजवणारीच्या कानात जे ओतलं ते? ... चौकशीशी संबंध नाही म्हणजे? त्याच्यामुळेच तर...

ती पिशवी इकडे करा जरा. नाही, उघडत नाही, बाहेरूनच बघते. 'वार्षिक स्नेहसंमेलन' — कॉलेजची वाटतं? छान आहे, कापड जाड आहे. आणि खाली हे निळं काय छापलंय? एवढं मला चष्म्याशिवाय वाचता येतं, मॅडम.

असं आहे होय. धबधबा.

नाही, सही नाही करणार मी. खाली फुलीसुद्धा नाही मारणार. सामील होते हे मी पोलिसांना पण सांगणार आहे, लपवणार नाही, सरांची नोकरी गेली तर माझ्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा मार बसला असं मी धरीन. पण तिथे पूर्ण लिहून घेतील, मी लिहून घ्यायलाच लावीन, कोण कुणाला काय म्हणालं, कुठली काठी कुणाच्या कुठे बसली, सात अक्षरं, सात पोरं — सहा पोरं आणि एक मास्तर — एकेक करून. शेठची माणसं मग माझ्या दाराला लाथ घालतील, हे मला कळत नाही असं समजू नका. ह्यांना मी सकाळीच सांगितलं, तर हे म्हणाले, आत बस गप. पन्नास वर्षांत मी एकदाच गप बसायला हवं होतं, ते बसले नाही. आता बसून काय उपयोग?

उठा, मॅडम. नाही, चहा नाही आज. तुमचा कागद तुमच्या पिशवीत घाला. मला लुगडं बदलायचंय, ठाण्यात जायचंय, दार लावायचंय. — उठा म्हटलं ना.